ढकललं की उघडणारं फाटक

त्यांना सगळे हॅलोताई म्हणायचे. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभा जन्म काढला. बोर्डाची खोली जिन्याखाली होती, तिला खिडकी नव्हती. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. कुठल्या वॉर्डात कोण दगावलं, कुणाला मुलगी झाली, कुठल्या डॉक्टरांचं घरी फिसकटलंय, सगळं त्यांच्या कानावरून जायचं आणि तिथेच राहायचं. आवाज असा, की घाबरून फोन करणारा माणूस त्यांचं नुसतं ‘हॅलो’ ऐकून अर्धा सावरायचा. लग्न झालं नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, “अहो, जगाचे फोन जोडता जोडता माझीच लाइन बिझी राहिली.”

मग पाय दगा द्यायला लागले. आधी उंबऱ्याला ठेच लागायची, मग जिन्यात तोल जायला लागला. लोक म्हणाले, चपला बदला. चपला बदलल्या, तपासण्या झाल्या आणि ज्या डॉक्टरांचे फोन त्या रोज जोडत होत्या त्यांनीच एक दिवस समोर बसवून सांगितलं. स्नायू हळूहळू निकामी होत जातील. आधी पाय, नंतर हात, पुढे श्वासाचं काय होईल ते बघू.

“आणि औषध?” ताईंनी विचारलं.

“सध्या तरी नाही.”

त्या उठल्या, जिन्याखाली जाऊन बोर्डावर बसल्या आणि सुट्टी होईपर्यंत फोन जोडत राहिल्या. दुसरं करणार तरी काय होत्या?

नोकरी सुटल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. मी त्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहते. भाऊ सुतार. डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झालेत, पण ताई त्याला अजून बाळ्याच म्हणतात. त्याने बहिणीसाठी घराचं घर बदलून टाकलं. पायरीच्या जागी उतार केला, कड्या खाली आणल्या, न्हाणीघरात धरायला लाकडी दांडे बसवले. खोलीची खिडकी मात्र त्याला बदलता येईना. ती उघडायची शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, मध्ये हातभर बोळ. त्या भिंतीवरची ओल कुठवर आली हे ताई मला बातम्या दिल्यासारखं सांगायच्या. “आज तुमच्या मजल्याकडे निघालीय हं. सांभाळून राहा.”

त्यांना दुखण्यापेक्षा मागण्याचा त्रास जास्त व्हायचा. पाणी दे, पडदा सार, उशी वर घे. भावजय सोन्यासारखी बाई, कधी कपाळाला आठी नाही. पण ताई मला एकदा म्हणाल्या, “ती ‘आले हं ताई’ म्हणते ना, त्या ‘हं’मध्ये तिने हातातलं काय टाकलं ते मला ऐकू येतं. आयुष्यभर आवाजच ऐकलेत मी.”

आमची गल्ली संपते तिथून पुढे एक छोटा रस्ता रानाकडे जातो. रान म्हणजे काही घनदाट अरण्य नाही. जुनी झाडं, मध्ये दलदल, दलदलीपलीकडे तळं. हरणं आहेत, ससे, खारी, कोल्हा, पाखरं तर विचारूच नका. वनखात्याने ठरवलं, की ज्यांना चालता येत नाही त्यांनाही आत जाता येईल अशी वाट करायची. आणि ते लाकूडकाम आलं बाळ्याकडे.

त्या दिवसांत तो जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला बोटाने रेघा मारायचा. ताईंची व्हीलचेअर नवीनच आली होती, बॅटरीवर चालणारी. हाताशी एक छोटा दांडा होता, तो पुढे केला की पुढे आणि मागे केला की मागे. तो ताईंना खुर्चीसकट कारखान्यात घेऊन गेला आणि भुसा सारून जमिनीवर खडूने वाट आखली. “ये बघू यातून. आता वळ. अगं, सावकाश! ट्रक चालवतेस का?” ताईंच्या मापानेच वाटेची रुंदी ठरली. दलदलीवरून फळ्या टाकल्या, दोन्ही बाजूंनी कठडे केले, म्हणजे चाक घसरून कुणी चिखलात जाऊ नये. कठड्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला फट ठेवली. शेवटी तळ्याकाठी मोठा चौथरा केला, तिथे खुर्ची वळवता येत होती. फळ्यांच्या वाटेवर तेवढी जागा नव्हती.

फाटकापाशी मात्र घोडं अडलं. पहिल्या फाटकाला कडी होती. ताईंनी हात लांब केला, पण कडी वर उचलण्याइतकं बोटांत बळच नव्हतं. बाळ्या बघत उभा राहिला. आठवड्याने त्याने दुसरं फाटक लावलं, कडी नसलेलं. स्प्रिंग बसवलेलं. खुर्चीची पायटेकणी टेकवून ढकललं की उघडायचं, आणि आत गेलं की आपोआप मिटायचं.

ताई त्या दिवशी आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. लहान मुलीसारख्या. “बाळ्या, कुणालाही हाक मारावी लागली नाही रे!”

तेव्हापासून त्या रोज सकाळी एकट्या निघायच्या. मांडीवर शाल, खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत चहाचा थर्मास. भावजयीला काळजी वाटायची. ती म्हणायची, “फोन जवळ ठेवा हं ताई.” ताई म्हणायच्या, “फोन कसा ठेवायचा ते तू मला शिकवतेस होय?”

रानात त्यांना एक गोष्ट कळली. जनावरं माणसाला भिण्याआधी त्याच्या पावलांना भितात. ताईंच्या खुर्चीला पावलंच नव्हती. त्या फळ्यांवर येऊन थांबायच्या, बटण बंद करायच्या आणि नुसत्या बसायच्या. बसण्यात त्यांचा हात कोण धरणार! थोड्या वेळात खार कठड्यावरून पळत यायची आणि त्यांच्या कोपराजवळ थांबून तोंड पुसायची. सुतारपक्षी खोडावर ठोकायला लागला, की त्या घरी येऊन भावाला सांगायच्या, “तुझा भाऊबंद भेटला. तुझ्यापेक्षा वक्तशीर आहे.” तळ्यावर खंड्या यायचा. एकदा कोल्हा आला आणि पाणी पिऊन निघून गेला. ते मला सांगताना ताईंचा आवाज इतका खाली आला, जणू कोल्हा माझ्या स्वयंपाकघरातच उभा होता.

आणि एक हरणी होती. तिचं त्या साली झालेलं पाडस फाटकाजवळच्या गवतात चरायला यायचं. ताईंना बघून ते आधी दचकायचं, मग मान वर करून बघायचं, मग बघायचंही सोडून दिलं. “आता मी त्याला झुडूप वाटते,” ताई म्हणायच्या. त्यात त्यांना केवढा मान वाटायचा!

तिथे एक दुर्बीणवाले काका यायचे. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, तोंडाला विश्रांती नाही. एवढी वर्षं येऊन त्यांना कधी हरीण दिसलं नाही. ताईंनी त्यांना एकदा सांगितलंच, “काका, हरणांना तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकायचं नसतं.” काका हसले आणि दुसऱ्या गुडघ्याचं सांगायला लागले.

कुत्री कधी यायला लागली हे नक्की कुणालाच माहीत नाही. रस्त्याच्या कडेला कचरा टाकायची जागा होती, तिथे ती वाढली. आधी दोन दिसायची, मग चार-पाच. एका सकाळी ताई फाटकापाशी पोचल्या, तर त्यांच्यापुढे एक पिवळं कुत्रं चाललेलं. ते फाटकाशी गेलं, नाकाने ढकललं आणि आत शिरलं. फाटक त्याच्यामागे आपोआप मिटलं.

ताईंनी वनरक्षकाला सांगितलं. तो तरुण होता आणि त्याच्यावर रानाचा केवढा तरी मोठा पट्टा सोपवलेला. त्याने काठी घेऊन कुत्री हाकलली, कुंपणाला खालून जाळी मारली, कचरा हलवायला सांगून सांगून घसा कोरडा केला. पण फाटकाचं काय करायचं?

“ताई, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तुम्हाला जे उघडतं ते कुत्र्यालाही उघडतं.”

बाळ्याने स्प्रिंग घट्ट केली. दुसऱ्या दिवशी ताई फाटकावर गेल्या, पायटेकणी टेकवली, दांडा पुढे केला. फाटक थोडं हललं, आणि खुर्चीच मागे सरकायला लागली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, हातानेही ढकललं. मग तिथेच बसून राहिल्या. रस्त्याने एक बाई जात होती. तिने धावत येऊन फाटक उघडून धरलं आणि म्हणाली, “अहो, हाक नाही का मारायची!”

त्या संध्याकाळी ताईंनी भावाला सांगितलं, “बाळ्या, थोडी सैल कर रे.”

“कुत्री?”

“वनरक्षक जाळी लावतोय ना. कमी होतील. थोडीच सैल कर, माझ्यापुरती.”

बाळ्याने पाना घेतला आणि जाऊन स्प्रिंग सैल केली. बहिणीला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. दोघांनाही ते कळत होतं.

ते घडलं त्या सकाळी धुकं होतं. ताई तळ्यापर्यंत जाऊन परत निघाल्या होत्या, फळ्यांच्या वाटेच्या मध्यावर आल्या होत्या. तोंड फाटकाच्या दिशेला. आधी भुंकणं ऐकू आलं, मग गवतात काहीतरी धडपडल्याचा आवाज. हरणी एका उडीत कुंपणापलीकडे गेली, हे त्यांनी पाहिलं. पाडस मात्र बावचळलं. त्याला समोर मोकळी वाट दिसली ती फळ्यांची. ते तिच्यावर चढलं आणि सरळ ताईंच्या दिशेने धावत सुटलं.

धुक्याने फळ्या ओल्या झाल्या होत्या. त्याच्या खुरांना पकडच मिळेना. दोन्हीकडे कठडे. ते उडी मारायला बघायचं आणि मागचे पाय घसरून बसायचं. त्याच्यामागे तीन कुत्री. त्यांच्या पंज्यांना फळ्यांचा काहीच त्रास नव्हता.

ताईंच्या मागे तळं होतं. पाडस तिथवर पोचलं असतं तर पाण्यात तरी उतरलं असतं. पण मध्ये ताई होत्या. वाट त्यांच्याच खुर्चीच्या मापाने केलेली. मांजर जाईल एवढीही जागा बाजूला नव्हती. त्यांनी दांडा मागे ओढला. खुर्ची मागे जायला लागली, पण तिचा मागे जायचा वेग म्हणजे गोगलगाय. पाडस त्यांच्यासमोर येऊन थांबलं. इतकं जवळ, की त्याच्या नाकातली वाफ त्यांच्या गुडघ्यावरच्या शालीला लागत होती. त्याने एकदा त्यांच्या डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

ताई ओरडल्या. म्हणजे ओरडायला गेल्या. दुखण्याने छातीतला जोर केव्हाच नेला होता, घशातून नुसती हवा आली. त्यांनी थर्मास फेकला. तो एका कुत्र्याच्या पाठीला निसटता लागला आणि दलदलीत पडला. कुत्र्याने वळूनही पाहिलं नाही.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मीही ते सगळं लिहिणार नाही. पाडसाचा एक खूर पायटेकणीवर आपटत होता, तो ताईंना पायात जाणवत नव्हता, फक्त दिसत होता. एका हाताने त्यांनी पाडसाची मान धरायचा प्रयत्न केला. बोटांत बळ नव्हतं. त्यांनी वनरक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, “निघालो, ताई, निघालोच.” तो खरोखर निघाला होता, पण रानाच्या दुसऱ्या टोकाला होता. कुंपणापलीकडे हरणी उभी होती. तीही काही करू शकत नव्हती.

वनरक्षक धावत आला तेव्हा कुत्री पळाली. पाडसाच्या अंगात थोडी धुगधुगी होती. त्याने ते बघितलं, जवळ बसला, मग उठून ताईंच्या समोर आडवा उभा राहिला.

“ताई, डोळे मिटा.”

“आत्तापर्यंत उघडेच होते रे,” ताई म्हणाल्या. “आता मिटून काय करू?”

त्यांना घरी आणलं. भावजयीने शाल धुवायला घेतली तर ताई म्हणाल्या, राहू दे. बाळ्या कारखाना तसाच उघडा टाकून आला. वनरक्षकही आला. त्याला चहा दिला, तो हातात धरूनच बसला. मी खाली गेले तेव्हा खोलीत भावजयीखेरीज तिघं होते आणि तिघंही दोष आपल्याकडे ओढत होते.

“कठडे मी घातले,” बाळ्या म्हणत होता. “मध्ये कुठे एखादी मोकळी जागा ठेवली असती…”

“मी त्या वेळी तिकडे जायला नको होतं,” वनरक्षक म्हणाला. “फाटकाच्या बाजूलाच असायला हवं होतं.”

ताई भिंतीकडे बघत होत्या. “स्प्रिंग मी सैल करायला लावली. आणि वाटेतही मीच होते. मी घरी असते तर ते पळालं असतं.”

भावजय म्हणाली, “असं नका बोलू हो.” खोटं तरी काय बोलणार?

पुढे वनखात्याचे एक साहेब स्वतः घरी आले. भला माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं, की फाटकाला वरच्या बाजूला कुलूपकडी लावावी असं ठरतंय, किल्ली वनरक्षकाकडे राहील. ज्यांना आत जायचंय त्यांनी त्याला फोन करायचा. “पण ही वाट तुमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे. तुमची हरकत असेल तर मी हे वर कळवीन. दुसरं काही तरी शोधता येईल.”

“काय शोधता येईल?” ताईंनी विचारलं.

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “कुलूप उघडणारं बटण लावता येईल. पण तिथे वीज नाही. वीज आणायची तर झाडं तोडावी लागतील.”

“मग लावा कडी,” ताई म्हणाल्या.

बाळ्या दारात उभा होता. तो एकदम बोलला, “ताई, अगं तुझ्यासाठी केलं ना सगळं! तूच नाही जायचंस आणि दुर्बीण घेऊन हिंडणारे जाणार?”

“बाळ्या, ते पाडस मला झुडूप समजत होतं,” ताई म्हणाल्या. साहेब खाली बघत राहिले.

कडी बाळ्यानेच बसवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी तेव्हा भाजी घेऊन परत येत होते. तो ठोकत होता, आणि हातोडी अंगठ्यावर बसली. एवढा मुरलेला सुतार. अंगठा तोंडात धरून तो फाटकाला पाठ लावून बसला आणि रडला. अंगठ्यासाठी कुणी तसं रडत नाही. मी भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. जवळ जावं की न जावं हे मला कळेना. शेवटी तोच डोळे पुसून उठला आणि उरलेले स्क्रू पिळायला लागला.

कडीचा गुण आला, हे सांगायलाच हवं. कुत्री यायची बंद झाली. वनरक्षक सांगतो, हरणं पुन्हा तळ्याच्या बाजूला यायला लागलीत. ती हरणी त्यांच्यात आहे का, हे त्याला ओळखता येत नाही.

सुरुवातीला ताई त्याला फोन करायच्या. तो कधी लगेच यायचा, कधी दुसऱ्या टोकाला असायचा. ताई फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला थांबायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, काही मदत हवी का. तो धापा टाकत यायचा, “सॉरी ताई, सॉरी,” म्हणायचा, आणि ताईंनाच त्याची कीव यायची. हळूहळू त्यांनी फोन करणं कमी केलं. मग हातही बिघडला. खुर्चीचा दांडा पुढे करायला दोन बोटं उरलीत, तीही थंडीत आखडतात. आता त्या रस्त्यावर एकट्या जाऊ शकत नाहीत, कडी असो वा नसो. बाळ्याला एकदा वाटलं, की आता ताईला तेवढं तरी सोपं जाईल, आता फाटकाचा प्रश्नच उरला नाही. हे त्याने मला जिन्यात सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याचा चेहरा पडला.

सुट्टीच्या दिवशी तो ताईंना घेऊन जातो. वनरक्षकाकडून आधीच किल्ली आणून ठेवतो. मीही परवा त्यांच्याबरोबर गेले. फळ्यांवरून जाताना ताईंनी डोळे मिटून घेतले आणि चौथऱ्यावर पोचल्यावर उघडले. तळं स्वच्छ होतं, पलीकडे झाडांत काहीतरी हललं. बाळ्या खाली वाकून कुजबुजला, “दिसतंय का काही?”

“थांब,” ताई म्हणाल्या.

तो थांबला. पण बसून राहणं त्याच्या रक्तात नाही. त्याने कठड्यावरून हात फिरवला, एक सैल खिळा बोटाने दाबून पाहिला, खिशातला मोबाइल दोनदा काढून आत ठेवला. कारखान्यात कुणाची तरी दारं अर्धवट पडून होती. ती पुरी करायला त्याला सुट्टीचाच दिवस मिळायचा. ताई समोर बघत होत्या, पण त्यांना त्याचा प्रत्येक आवाज ऐकू येत होता, हे मला दिसत होतं.

झाडांतली हालचाल जरा पुढे सरकली. फांदीमागे तांबूस काहीतरी उभं होतं. हरीण असेल, नसेलही.

“निघायचं का, ताई?” बाळ्याने अगदी हळू, अजिजीने विचारलं.

ताईंनी त्या फांदीकडे पाहिलं. मान वळवायला त्यांना आता वेळ लागतो.

“हो,” त्या म्हणाल्या. “निघू या.”